नकाण्याचं पाणी

सरळ रस्ता दिसला की नानांना संशय यायचा. सायकलवरून एक पाय खाली टेकवून ते त्या रस्त्याकडे बघत राहायचे आणि म्हणायचे, "हा नको मॅडम. हा कुठंच जात नाही." हा कुठंच न जाणारा रस्ता बहुतेक वेळा आम्हाला जायचं असेल तिथेच, अर्ध्या तासात नेऊन सोडणारा असायचा.

नाना माझे घरमालक. धुळ्याला बदली झाली तेव्हा देवपुरातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला आणि चार वर्षं तिथे काढली. नवरा नोकरीपायी जळगावला, मुलगी शिकायला पुण्याला, आणि मी दिवसभर विमा कचेरीत. खाली नाना एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून ते निवृत्त झाले होते. निवृत्त झाले हे खात्याने मान्य केलं होतं, नानांनी नाही.

माझ्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. नवऱ्याने जळगावहून गिअरची सायकल पाठवली. ती मी जिन्याखाली लावली आणि तिथेच माझं स्वातंत्र्य संपलं.

"कुठे निघालात?" पहिल्याच सकाळी नानांनी विचारलं.

"नकाणे तलावापर्यंत जाऊन येते."

"रस्ता माहीत आहे?"

नकाणे तलाव धुळ्यातल्या कुणाला माहीत नाही? गावाला पाणी पाजतो तो. मी तसं म्हणाले. नानांनी मान हलवली, आत गेले, धोतराचा काचा मारून बाहेर आले आणि त्यांची काळी, बावीस इंची, खात्यातल्या काळची सायकल काढली. हँडलला छागल अडकवली. छागल म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी. तिच्यात पाणी गार राहतं. पूर्वी ती प्रत्येक जीपला लटकलेली असायची. आता ती फक्त नानांकडे होती.

त्या सकाळी आम्ही नकाणे तलावाला सव्वीस किलोमीटर चालवून पोचलो. शेतांतून, चारीच्या म्हणजे बारक्या पाटाच्या कडेने, एका वीटभट्टीला वळसा घालून, पुन्हा त्याच वीटभट्टीला दुसऱ्या बाजूने वळसा घालून. वाटेत एक बारका पूल होता, त्याला जरासा चढ होता. नाना त्या पुलाखालून सायकल हातात धरून ओढा उतरले आणि पलीकडे निघाले. मी पुलावरून गेले आणि वर उभी राहून त्यांची वाट बघितली. ते वर आल्यावर मी विचारलं, असं का?

"पानी कधी चढस का?" ते म्हणाले. "मंग आपन काबरं चढानं?"

माझ्याशी ते कचेरीतली मराठी बोलायचे, पण मनातलं काही असलं की अहिराणीत शिरायचे. त्यांच्या मनात कायम पाणीच असायचं, त्यामुळे दुसऱ्या महिन्यापर्यंत माझी अहिराणी बरीच सुधारली.

तर ही त्यांची पद्धत. पाणी ज्या वाटेने जाईल त्या वाटेने सायकल न्यायची. पाट कधी चढत नाही, तो टेकाडाला बगल देत, शिवार ओलांडत, हळूहळू उतरत जातो. म्हणून रस्ता शोधायचा तो पाटाच्या कडेचा. एका तलावापासून दुसऱ्या तलावापर्यंत, डेडरगावपासून हरणमाळपर्यंत, तिथून अक्कलपाडा, पुढे साक्रीवरून पिंपळनेरला लाटीपाड्याच्या धरणापर्यंत, अशा सगळ्या वाटा त्यांनी एका जाड वहीत काढून ठेवल्या होत्या. पाणी निळ्या पेन्सिलीने, वाट लाल शाईने. ऐकायला छान वाटतं. मलाही वाटलं होतं. पण मोबाईलमध्ये आपण फिरलेल्या वाटेचा नकाशा उमटतो ना, तो आमचा घरी येऊन बघितला की पानभर शेवया सांडल्यासारखा दिसायचा.

वहीत अंतर नसायचं. किलोमीटर हा शब्द नानांना पोरकट वाटायचा. ते लिहायचे, 'येथून तेथे पाणी पोचण्यास सहा तास.' मी विचारायचे, सायकलने किती?

"पाण्यापेक्षा कमी."

"पण किती कमी?"

"ते तुमच्यावर आहे मॅडम."

तेही खोटंच. ते माझ्यावर कधीच नव्हतं, ते नानांच्या उभं राहण्यावर होतं. कुठे पाटाचा दरवाजा गंजलेला दिसला, उभे. कुठे चारी फुटून पाणी वाया जाताना दिसलं, उभे, आणि नुसते उभे नाहीत तर त्या शेतातल्या माणसाला हाका मारून बोलवायचं, त्याच्या बापाचं नाव सांगायचं आणि बापाने कसं पाणी सांभाळलं होतं ते ऐकवायचं. तो बिचारा हातातलं फावडं तसंच धरून ऐकायचा. हरणमाळच्या फेरीत आम्ही आठ तास बाहेर होतो, त्यात सायकल तीन तास चालली असेल. उरलेला वेळ मी लोकांच्या बांधावर उभी राहून त्यांच्या वडिलांची ओळख करून घेत होते.

सोसलं असतं सगळं. पण त्यांची जीभ.

नानांना पाण्याची चव कळायची. आपल्याला गोडं, खारं, मचूळ एवढं कळतं. त्यांना तलाव कळायचा. सकाळी नळाला पाणी आलं की पहिली ओंजळ तोंडात धरून, डोळे मिटून उभे राहायचे आणि जाहीर करायचे, "नकाण्याचं." किंवा "आज तापीचं आलंय." मग मला खालून हाक, "मॅडम, आज डाळ शिजायला वेळ लागेल." मला ठाम वाटायचं की हे सगळं ढोंग आहे. लग्नाला गेले की पंगतीत पहिला घोट घेऊन यजमानाला सांगायचे, टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते. यजमान ओशाळायचा आणि मी ताटात बघत बसायचे.

शेवटी मी आणि आमच्या रविवारच्या सायकल क्लबाचे सेक्रेटरी, पेशाने दातांचे डॉक्टर, आम्ही दोघांनी मिळून परीक्षा घ्यायची ठरवली. पाच पेले भरले. एकात नकाणे, एकात डेडरगाव, एकात कॉलनीतली बोअर, एकात माझ्या कचेरीतल्या जारचं. पाचव्यात मी अर्धं नकाण्याचं घातलं आणि अर्धं माहेराहून, जळगावजवळच्या नशिराबादहून बाटलीत आणलेलं. हे डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

पहिले चार त्यांनी चणे खाल्ल्यासारखे सांगितले. पाचवा घोट तोंडात बराच वेळ फिरवला. मला आनंद व्हायला लागला. मग त्यांनी डोळे उघडून डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"नकाण्याचं आहे," म्हणाले. "पण यात कुणीतरी केळीच्या मुलखातलं ओतलंय. असं करू नये मॅडम. पाण्याला वाईट वाटतं."

डॉक्टर त्या दिवसापासून त्यांचे भक्त झाले. मी नाही झाले, पण ती जीभ खोटं बोलत नाही हे मला मान्य करावं लागलं. नाना स्वतः तर उघडच म्हणायचे, बाकी कशाचंही सांगत नाही, पण पाण्याच्या बाबतीत मी जन्मात चुकीचं बोललो नाही.

वहीतल्या एका पानाने मला पहिल्यापासून छळलं होतं. अक्कलपाड्याच्या पाण्याला लागून एक गाव आहे. धरणाच्या कडेकडेने जाणारा रस्ता सपाट, गुळगुळीत, सावलीचा, आणि सरळ त्या गावातून जातो. नानांच्या वहीत मात्र लाल शाई गावाच्या अलीकडच्या फाट्याला पोचते, एकदम पाणी सोडून देते, चौदा किलोमीटरचा वळसा घेते आणि गावाच्या पलीकडे येऊन पुन्हा पाण्याला मिळते. आणि त्या वळशात चढ. बारका नाही, चांगला दमछाक करणारा, मुरमाड. अख्ख्या वहीतला तो एकमेव चढ. ज्या माणसाने पुलाच्या चढालासुद्धा ओढ्यातून वाट काढली, तो माणूस त्या टेकाडावर सायकल ढकलत, धापा टाकत, अवाक्षर न बोलता चढायचा. मी मागून ढकलत यायचे आणि मनातल्या मनात त्यांना नको ते बोलायचे.

तिसऱ्यांदा तो चढ चढल्यावर मी वर बसकण मारली आणि म्हणाले, आता कारण कळल्याशिवाय मी उठणार नाही.

नानांनी खाली पाण्याकाठच्या गावाकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "मनी आंडेर दिधेल शे त्या गावमा."

त्यांची मुलगी, मंगला, त्या गावात दिलेली होती. आमच्याकडे जुनी माणसं अजून पाळतात हे: लेकीला लेकरू होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये. मंगलाच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. लेकरू झालं नव्हतं. आणि अठरा वर्षं नाना तिच्या घरी गेले नव्हते.

"पाणी नका पिऊ," मी म्हणाले, "पण जाऊन तर यायचं."

यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला डोकं आपटावंसं वाटलं. गेलो, की ती पाणी पुढे करणार. नाकारलं तर लेकीचा अपमान. प्यायलं तर रीत मोडली. शिवेतच गेलो नाही, तर अपमानही नाही आणि रीतही मोडत नाही. हे सगळं त्यांनी पाटाचा आराखडा समजावून सांगावा तसं, हाताने हवेत वळण काढून दाखवत सांगितलं. शीव कुठून कुठे जाते ते त्यांना गट नंबरासकट माहीत होतं. वळसा शिवेच्या बाहेरून, चार हात सोडून आखलेला होता.

"आणि ती काय म्हणते?"

"ती येत नही आते," नाना म्हणाले.

मंगला पूर्वी दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची. खान्देशात सासुरवाशीण आखाजीला आली नाही तर सण कसला? तीन वर्षांपूर्वी ती जाताना सांगून गेली होती, नाना, आता तुम्ही माझ्या घरी येऊन तांब्याभर पाणी प्याल, त्या वर्षी मी येईन. तोवर नाही. आणि ती आली नव्हती. मला मग कळलं की आखाजी जवळ आली की नाना अंगणातल्या निंबाला झोका का बांधतात. पहिल्या वर्षी त्यांनी मला हाक मारून वरून खाली बोलावलं होतं. "बसा मॅडम, दोर तपासायचाय." सत्तेचाळीस वर्षांची मी, सगळ्या कॉलनीसमोर झोक्यावर बसले होते, आणि ते बाजूला उभे राहून दोराकडे नाही, फाटकाकडे बघत होते. तेव्हा मला वाटलं, काय विक्षिप्त म्हातारा आहे. झोका आठ दिवस तसाच लटकत राहायचा.

कारण कळल्यावर कुणाचाही राग कमी व्हावा. माझा वाढला. माझा चहा ते रोज सकाळी पितात. भाडेकरणीचं चालतं, शेजाऱ्याचं चालतं, रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या मडक्यातलं तर चव घेऊन घेऊन चालतं. आणि लेकीचं चालत नाही.

चौथ्या वर्षी क्लबाने तलावांची मोठी फेरी ठरवली. शंभर किलोमीटर, वीस-बावीस माणसं, हिवाळा सरता सरता. पाटाकडेच्या वाटा नानांशिवाय कुणाला ठाऊक नाहीत, म्हणून डॉक्टर वही मागायला आले. नानांनी वही दिली आणि स्वतःही येणार म्हणाले. वाट नीट उतरवून छापायला देण्याचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी बोट ठेवलं ते नेमकं त्या वळशावर. "हे काय आहे? गावातून सरळ जाऊ की. तिथे पाणी-नाश्त्याची सोयही होईल."

मी लाल शाईची रेघ गावातून सरळ ओढली. त्याच संध्याकाळी नानांच्या भिंतीवर खिळ्याला लावलेल्या कागदावरून मंगलाचा नंबर घेतला आणि फोन केला. मी कोण ते सांगितलं, फेरीचं सांगितलं, वीस माणसांना पाणी देशील का विचारलं. ती म्हणाली, देईन की. मग मी म्हणाले, त्यात तुझे वडीलही असतील, आणि वाट तुझ्या दारावरून जाते हे त्यांना मी सांगणार नाही.



"फसवून आणू नका, ताई," ती म्हणाली. "फसवून आणलेला बाप काय करू मी? सांगून आणा. नाही आले तर नाही आले. मला सवय आहे."

झालं. म्हणजे आता मलाच जाऊन सांगणं आलं. मी खाली गेले आणि छापलेला कागद नानांच्या पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बोट रेघेवरून फिरवत फाट्यापर्यंत आणलं आणि तिथे थांबवलं. कागद घडी घालून मला परत दिला. त्यानंतर अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी वरच्या टाकीची मोटर मात्र घड्याळ लावून बरोबर वीस मिनिटांनी बंद व्हायची, केसांना साबण लावलेला असो नाहीतर नसो. चहालाही आले नाहीत. मी दोन कप करायचे आणि दोन्ही प्यायचे, साखर असूनही.

फेरीच्या दिवशी उजाडता उजाडता फाटकाची कडी वाजली. नाना काळी सायकल घेऊन उभे होते, धोतर पांढरं स्वच्छ, हँडलला छागल भरलेली. "चला," एवढंच म्हणाले.

अक्कलपाड्यापर्यंत दिवस चांगला गेला. पाणी भरपूर होतं, काठाने बगळे उतरले होते, आणि नाना वीस माणसांच्या पुढे कधी नव्हे ते न थांबता चालले होते. फाट्याला मात्र ते थांबले. बाकीचे सपाट रस्त्याने गावाकडे वळले. नानांनी चढाच्या दिशेला हँडल वळवलं.

"तुम्ही व्हा पुढे. मी येतो वरून."

माझा तोल गेला. बोलू नये ते मी बोलले, आणि आजही वाटतं, बोलले ते बरं केलं.

"नाना, मंगला बेचाळीस वर्षांची आहे. तिला मूल होणार नाही. हे तिला माहीत आहे, जावयाला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही कुणाची वाट बघताय?"

त्यांनी हँडल तसंच चढाकडे धरून ठेवलं.

"तुम्हाला वाटतं वळसा घातला की काही मोडत नाही. त्या टेकाडावरून तुम्ही जाता ना, ते सगळ्या गावाला दिसतं. पांढरं धोतर, काळी सायकल. तुम्ही दरवेळी गावाला ओरडून सांगता की माझ्या लेकीला लेकरू नाही. अठरा वर्षं सांगताय. सासरचे नसतील बोलले तिला एवढं."

छागलीतून पाण्याचे थेंब मुरमावर पडत होते. नानांनी सायकल वळवली नाही. मीही थांबले नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्यांना दाखवायचं नव्हतं, म्हणून जोरात पायडल मारत निघून गेले.

मंगलाचं घर रस्त्यालाच. दारापुढचा वट्टा सारवलेला, शेवग्याचं झाड, दाराशी रांजण. तिने आणि जावयाने मिळून वीस माणसांसाठी कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि ताक मांडलं होतं. तिचे नाक-डोळे थेट नानांचे. तिने मला ओळखलं, कारण मी एकटीच खात नव्हते. तिने काही विचारलं नाही. वाढता वाढता गावाच्या पलीकडच्या टोकाकडे बघायची, जिथे टेकाडावरून येणारी वाट रस्त्याला मिळते. नेहमी नाना तिथूनच निघून जात असणार, आणि ती नेहमी इथे उभी राहून बघत असणार. ते मला त्या क्षणी कळलं.

तासभर झाला. माणसं उठली, निघाली. डॉक्टर माझ्यासाठी थांबले. पलीकडच्या वाटेवर कुणी नव्हतं. म्हातारा माणूस, एवढा चढ, काही झालं तर नाही ना, असं डॉक्टर म्हणाले. मी सायकल काढली.

तेवढ्यात मंगला म्हणाली, "नाना."

ती पलीकडे बघत नव्हती. नाना अलीकडून येत होते, फाट्याच्या बाजूने, सपाट रस्त्याने, सायकल हातात धरून चालत. धोतराला मुरमाचा कण नव्हता आणि कपाळावर घाम नव्हता. टेकाड त्यांनी चढलंच नव्हतं. तासभर फाट्यावरच बसून होते.

दारासमोर येऊन त्यांनी सायकल शेवग्याला टेकवली. आत आले नाहीत. मंगला पुढे झाली नाही. बापलेक दहा पावलांवर उभे राहिले, आणि मला वाटलं, आता हा माणूस इथूनही एखादा वळसा काढणार.

"मी मनं पानी लई उनू," नाना म्हणाले आणि आपलं पाणी आपण आणलंय हे दाखवायला छागलीकडे बोट केलं.

"मले म्हाईत शे," मंगला म्हणाली. "बसा. वट्टावर बसा."

ते सायकल वट्ट्यापाशी आणून लावून तिथेच बसले. तिने हँडलची छागल सोडली आणि शेवग्याच्या बुंध्याशी नेऊन उलटी केली. सगळं पाणी, धुळ्याहून चाळीस किलोमीटर आणलेलं, मातीत गेलं. लपवाछपवी नाही, बापापासून चार हातांवर, आम्हा सगळ्यांसमोर. मग रांजणाशी आली, झाकण काढलं आणि डवल्याने, लांब दांड्याच्या ओगराळ्याने, छागल भरायला लागली. एक डवला, दुसरा, तिसरा. पाणी पडल्याचा आवाज येत होता.

नाना खाली वाकून स्वतःच्या सायकलीच्या साखळीकडे बघत होते. साखळीला काहीही झालेलं नव्हतं. सकाळीच तेल दिलेलं होतं, मी बघितलं होतं. ते एकेक कडी बोटाने तपासत होते, आणि छागल भरून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

मंगलाने छागलीतून पितळी तांब्या भरला आणि त्यांच्या पुढे धरला.

"नाना, तुमनं पानी."

त्यांनी तांब्या घेतला. पहिला घोट तोंडात धरला आणि सवयीने डोळे मिटले. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. माझ्या डोळ्यांपुढे ते पाच पेले आले. या जिभेला नशिराबादचं अर्धा पेला पाणी कळलं होतं. मंगला पदर मुठीत धरून उभी होती आणि तिचं तोंड भिंतीकडे होतं.

नानांनी घोट गिळला.

"नकान्यानं शे," ते म्हणाले.

डॉक्टरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या बुटावर पाय दिला.

नानांनी तांब्या रिकामा केला, अगदी तळाशी राहिलेलं सुद्धा. मग तो तसाच रिकामा मंगलापुढे धरला.

"आजून दे."

ती छागलीकडे वळली. नाना म्हणाले, "तठून नको. रांजणनं गार ऱ्हास."